आगीआधीची दोन मिनिटं

"या हेडफोनचा फोम कोण कुरतडतं, ताई? माझ्या कानातून काळा भुगा निघतोय," कानसेन माझ्या खांद्याशी कुरकुरला.

कानसेन म्हणजे आमचा ध्वनिमुद्रक. मी संकलक; बघत बघत शिकलेली. त्या दिवशी चार वाजता ग्रंथपालबाई येणार होत्या. धर्मवेड्या जमावाने त्यांचं वाचनालय जाळलं, त्यावरच आमचा माहितीपट होता आणि लोकांना दाखवण्याआधी तो त्यांना दाखवायचा, असा शब्द दिग्दर्शकांनी दिला होता.

दिग्दर्शक पक्के नास्तिक. "ही माणसं डोकं गहाण टाकून येतात," हे त्यांचं पालुपद. मीही देवधर्मापासून चार हात लांब राहणारी, त्यामुळे आमचं छान जमायचं.

माहितीपट जवळपास जुळला होता, फक्त एका जागी गर्दीची कुजबुज हवी होती. आमच्याकडे चित्र वेगळं आणि आवाज वेगळा नोंदवतात. कॅमेरा थांबला तरी कानसेनचं यंत्र चालूच राहतं. चित्राशिवायचा आवाज सहसा कुणी ऐकत नाही. मी ऐकला.

घोषणा. पुस्तकं रस्त्यावर आदळल्याचे आवाज. मग पांगणारी पावलं, कुणीतरी बसची वेळ विचारतंय. आणि आमच्या दिग्दर्शकांचा आवाज, अगदी स्वच्छ: "अहो, थांबा! फोकस गेला होता. परत एकदा करा ना."

"परत काय फेकायचं? सगळं खालीच आहे की!"

"मग आहे त्याचंच काहीतरी करा. जरा जोरात."

हशा. मग एक कोवळा आवाज: "काडेपेटी आहे का कुणाकडे?"

मी आवाज थांबवला. कानसेनकडे पाहिलं, तर तो भिंतीवरची वायर न्याहाळत होता.

"तुला माहीत होतं?"

"ताई, मी फक्त आवाज घेतो."

दिग्दर्शक आले, त्यांनी उभ्याउभ्या ऐकलं. "ते आज ना उद्या जाळणारच होते," ते म्हणाले. "आणि हे बाहेर गेलं तर उद्या तेच आपल्याकडे बोट दाखवतील. काढून टाक."

मी काढलं. खोटं कशाला सांगू? त्या जागी वाऱ्याचा आवाज घातला, छान बसला.

चार वाजता बाई आल्या. भाजलेले हात ओढणीखाली. आम्ही तिघं मागे उभे. पडद्यावर त्यांचीच मुलाखत सुरू होती: "मी वरच्या खिडकीतून ओरडले, लाज वाटत नाही का म्हणून. त्यानंतर आग लागली." वाचनालयाच्या समितीने त्यांना घरी बसवलं होतं ते याच कारणासाठी. जमावाला चिथावलं म्हणे.

आगीचं दृश्य संपल्यावर बाई म्हणाल्या, "जरा मागे घेता?"

मी घेतलं.

"इथे ते निघाले होते. मी पाहिलं होतं. तो चष्मेवाला तर कोपऱ्यापर्यंत गेला होता." त्या वळल्या. "मी ओरडले नसते तर गेले असते ना हो? माझी बहीण म्हणते, तुझी जीभच नडली. तुम्ही तिथे होतात. खरं सांगा, मला राग नाही येणार."

दिग्दर्शक घसा खाकरून म्हणाले, "बाई, धर्मांध माणसाला निमित्तच लागतं..."

"म्हणजे निमित्त मीच."

कानसेन जमिनीकडे बघत होता. दिग्दर्शकांनी बाईंसाठी पाण्याचा पेला भरायला घेतला. तो ओसंडला तरी ते ओततच राहिले. इतकी वर्षं मी अशा चित्रफितींत माना खाली घातलेली माणसं पाहून म्हणत आले होते, एकालाही तोंड उघडता येऊ नये? आता खोलीत आम्ही तिघं होतो आणि माझीही मान खालीच होती.

बाई उठल्या. भाजलेल्या हाताने त्यांना पर्सची चेन लागेना.

"बाई, बसा," मी म्हणाले. "ते तुमच्या ओरडण्याने परतले नाहीत. आम्ही त्यांना परत बोलावलं. कॅमेऱ्यासाठी."