सात नंबरचा पंजा

कारखाना बंद होणार हे कळलं तो सोमवार होता, आणि मिस्त्रींना ते सगळ्यांच्या शेवटी कळलं. ते सकाळपासून ओलं कातडं टेबलावर ताणून हातमोजे कापत होते. ओलं कातडं अर्ध्यावर सोडून उठता येत नाही, वाळलं की आखडतं. म्हणून सगळी माणसं ऑफिसच्या दारात जमली तरी हे जागचे हलले नाहीत. शेवटचा अंगठा कापून झाला, मग हात पुसत बाहेर आले. तोवर शिवणातल्या बायका रडून मोकळ्या झाल्या होत्या आणि पुरुषांचं शिव्या देणं चालू होतं.

हिशेब आणि परदेशी पत्रव्यवहार बघणाऱ्या कारकुनाला सगळे चष्मा म्हणत. तो पायरीवर उभा राहून तेच तेच पुन्हा समजावत होता.

"मालात खोट निघाली का?" मिस्त्रींनी विचारलं.

"माल उत्तम आहे हो. परदेशातल्या गिऱ्हाइकांना महाग पडतोय."

"आपण तर भाव वाढवला नाही. तीन वर्षं तोच आहे."

"आपण नाही वाढवला, देशाने वाढवला," चष्मा म्हणाला. "डोंगरात खनिज सापडलं की नाही? सगळ्या जगाला ते हवंय. ते घ्यायचं तर आपलं चलन लागतं. सगळे आपलं चलन मागायला लागले, ते महागलं. आता आपला तोच मोजा, तोच भाव, पण त्यांच्या पैशात मोजायला गेलं की दुप्पट."

शिवणाच्या पहिल्या टेबलावर एक बाई बसायची. तिचा आवाज मशिनच्या वर चढायचा म्हणून तिला तोफ म्हणत. ती पुढे सरसावली. "म्हणजे पिकलं त्यांच्या डोंगरात आणि करपलं आमच्या चुलीवर!"

"ताई, तुझ्या घरी नवा टीव्ही कसा आला? बाहेरचा माल स्वस्त झाला म्हणूनच ना?"

"मग आता टीव्हीच शिजवते. मीठ जरा जास्त घालीन, तू ये जेवायला."

लोक हसले. कुणी खाणीला शिव्या दिल्या, कुणी सरकारला. मिस्त्रींनी कुणालाच दिल्या नाहीत, आणि त्याला कारण होतं.

त्यांच्या बायकोला रक्ताचा आजार झाला होता. तिची इंजेक्शनं परदेशातून यायची. पहिल्या वर्षी त्यांची किंमत ऐकून मिस्त्री दवाखान्याच्या बाकावर बसून पगाराचे महिने मोजत राहिले होते. मग चलन महागलं आणि तीच इंजेक्शनं निम्म्यावर आली. दवाखान्यातल्या औषधवाल्याने सांगितलं तेव्हा मिस्त्रींनी मनातल्या मनात त्या डोंगराला हात जोडले होते. त्या स्वस्ताईवर ती अकरा महिने जास्त जगली. आठ महिन्यांपूर्वी गेली. आता त्याच डोंगराला शिव्या कोणत्या तोंडाने द्यायच्या? लोकांना वाटलं, मिस्त्री आधीच खचलेला माणूस, याला काय फरक पडतो. तसं नव्हतं.

त्यांना खरी काळजी लागली ती पंजांची.

हातमोजा शिवून झाला की चुरगळलेला, मरगळलेला दिसतो. तो मग पितळेच्या पंजावर चढवतात. पंजा आतून पोकळ असतो, खालून वाफ सोडून तापवतात. दोन मिनिटांत मोजाच्या सुरकुत्या जातात आणि बोटं उभी राहतात. तीस वर्षांपूर्वी परदेशातून पहिली ऑर्डर आली ती बायकांच्या मोजांची, माप सात नंबर. कारखान्यात तेव्हा सगळे पंजे पुरुषी. जुने मालक म्हणाले, "मिस्त्री, परवापर्यंत बाईचा हात पाहिजे. कुठूनही आणा." मिस्त्रींचं लग्न होऊन चार महिने झाले होते. कुठूनही म्हणजे कुठून आणणार?

बायकोचा हात पाऊण तास प्लास्टरमध्ये घालून ते समोर बसून राहिले. ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून इतका वेळ माझ्यासमोर पहिल्यांदाच बसलात. दुसऱ्या हाताचं पण घ्या, म्हणजे आजचा दिवस घरीच."

त्या साच्यावरून पितळेचे वीस पंजे ओतले. घाईत एक गोष्ट सगळ्यांच्याच नजरेतून सुटली. लहानपणी दारात सापडून तिची करंगळी मोडली होती आणि जराशी आत वाकूनच सांधली होती. विसाच्या वीस पंजांची करंगळी वाकडी. माल गेला. पंधरा दिवसांत तिकडून पत्र आलं की करंगळी सरळ नाही, हे काय आहे? मालकांनी मिस्त्रींना असं फैलावर घेतलं की ते घरी आल्यावर जेवलेही नाहीत. दोन महिन्यांनी दुसरं पत्र आलं. ऑर्डर दुप्पट, आणि करंगळीला हात लावू नका. गिऱ्हाईक बायका म्हणत होत्या की हा मोजा हाताला बोचत नाही. चष्माचं म्हणणं असं की हात सैल सोडला की करंगळी कुणाचीच सरळ राहत नाही, आपल्याला ते चुकून कळलं.

त्या मोजांच्या जोरावर दुसरी पाळी सुरू झाली, कामगारांच्या खोल्या बांधल्या, रस्त्यावर बँक आली, दवाखाना आला. जुने मालक म्हणायचे, "अर्धं गाव या बाईच्या करंगळीला लटकलंय." पुढे ती स्वतःच पंजाच्या टेबलावर कामाला लागली. बावीस वर्षं ती आपल्याच हातावर मोजे चढवत होती. तोफ तिला चिडवायची, "वहिनी, स्वतःच्याच हाताला हात लावून पगार घेता, लाज वाटत नाही?" ती म्हणायची, "वाटते ना. म्हणून तर वाढवून मागत नाही."

आता यंत्रं विकली गेली होती. घेणारा कारखाना दुसऱ्या देशातला, जिथे अजून काही सापडलेलं नव्हतं आणि म्हणून मजुरी स्वस्त होती. मोजांची ऑर्डरही तिकडेच चालली होती. यादीत लिहिलं होतं, पितळी पंजे, सात नंबर, नग वीस.

मिस्त्री धाकट्या मालकांकडे गेले. "एक पंजा मला द्या. हवं तर माझ्या हिशेबातून कापा."

धाकटे मालक वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "मिस्त्री, यादी पुढे गेली. एक नग कमी भरला तर कंटेनर बंदरात अडकेल. मग सगळ्यांचाच शेवटचा पगार अडकेल. मी काय करू, सांगा."

पेट्या भरायचं काम मिस्त्रींकडेच होतं. कोठीत सात नंबरचाच एक सरळ करंगळीचा पंजा पडून होता. नमुना म्हणून कधीतरी आणलेला, कुणी वापरला नव्हता. त्यांनी तो पेटीत ठेवला आणि बायकोचा एक पंजा टॉवेलात गुंडाळून घरी नेला. तीस वर्षांत कारखान्यातली सुईसुद्धा त्यांनी घरी आणली नव्हती.

संध्याकाळी पंजा टेबलावर ठेवला. हात लावला तर गार. त्यांनी तो पंजा कायम तापलेलाच पाहिला होता. त्यांनी पाणी गरम केलं, मनगटाच्या तोंडातून आत ओतलं, बूच बसवलं, आणि पाणी निवेपर्यंत तो दोन्ही हातांत धरून बसले. पाणी निवायला फार वेळ लागत नाही.

गुरुवारी तिकडच्या कारखान्याकडून माल तपासायला एक बाई आली. पन्नाशीची, आखूड केसांची, कोटाच्या बाह्या वर सारलेल्या. ऑफिसात न बसता ती सरळ पेट्यांकडे गेली. यादी तिने नंतर वाचली, आधी प्रत्येक पंजा उचलून त्याच्या बोटांवरून अंगठा फिरवला. तेव्हाच मिस्त्रींनी ओळखलं. ही कामातली बाई होती.

चौदावा पंजा तिने बाजूला काढला. त्याच्या शेजारी दुसरा ठेवला आणि काही न बोलता दोन्ही करंगळ्या दाखवल्या.

चष्मा म्हणाला, "सात नंबरच आहे. वीस भरले ना?"

तिने मान हलवली. चष्मा पत्रांत जी भाषा लिहायचा ती तिला येत होती. ती त्याच्याशी सावकाश बोलली. चष्माने सांगितलं, "ती म्हणते, ऑर्डर वाकड्या करंगळीची आहे. हा नाही चालणार. विसावा कुठे आहे?"

तोफेने मिस्त्रींकडे पाहिलं आणि तिला समजलं. एरवी तिच्या पोटात पाच मिनिटं काही राहायचं नाही, पण आज तिने आवाज खाली आणला.

"चष्मा, तिला सांग, तो यांच्या बायकोचा हात आहे. सगळेच आहेत. बायको गेली. एक ठेवून घेतला असेल, आकाश कोसळलं का?"

चष्माने सांगितलं. त्याला ते सांगायला बराच वेळ लागला. ती बाई पेटीच्या काठावर बसली. मग तिने विचारलं, "किती दिवस झाले?"

"आठ महिने," मिस्त्री म्हणाले.

ती हातातल्या पंजाकडे बघत राहिली. मग जे बोलली ते चष्माने खाली बघून सांगितलं. "ती म्हणते, आमच्याकडे वीस टेबलं मांडून झालीत. विसाव्या टेबलावर कोण बसणार ते ठरलंय. तीन मुलांची आई आहे. गावात दुसरं काम नाही. पंजा नसेल तर तिला घरी पाठवतील."

तोफ म्हणाली, "आणि आमच्या बायका? त्या घरीच बसल्यात!"

चष्माने ते सांगितलं की नाही कुणास ठाऊक. मिस्त्री म्हणाले, "ताई, राहू द्या. हिने नाही पाठवलं आपल्याला घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पंजा आणून दिला. रात्री त्याचा प्लास्टरचा साचा काढावा असं त्यांच्या मनात आलं होतं. पण पितळ ओतणारा कारागीर खाणीवर निघून गेला होता, आणि भट्टीच्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं. बाईने पंजावरून अंगठा फिरवला आणि तो मिस्त्रींच्याच हातात परत दिला. पेटीत त्यांनी तो स्वतः ठेवला, भोवती कागदाचे बोळे नीट दाबले. झाकणाला खिळे मात्र त्यांच्याने ठोकवेनात, ते दुसऱ्याने ठोकले.

निघताना ती चष्माला काही म्हणाली. वर्षभरात त्यांच्याकडे नवे पंजे ओतले जातील, तेव्हा यातला एक ती मिस्त्रींना पाठवील. पत्ता द्या. चष्माने यादीच्या मागे पत्ता लिहिला. कारखान्याच्या खोल्या, दुसरी रांग, तिसरी खोली. बाईने कागद घडी करून आतल्या खिशात ठेवला. सगळे घाईत होते, ट्रक सुरू होऊन उभा होता. त्या खोल्या महिनाअखेरीस रिकाम्या करायच्या आहेत, हे त्या क्षणी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मिस्त्रींच्याही नाही.

आता मिस्त्री मुलीकडे राहतात. जावई खाणीवर ट्रक चालवतो, पगार वेळेवर येतो, घरात कशाला कमी नाही. मुलीचे हात बापावर गेलेत, रुंद आणि आखूड. दिवसभर समोरच्या रस्त्याने खनिजाचे ट्रक बंदराकडे जातात आणि संध्याकाळी बाहेरचा माल भरून परत येतात. जुन्या खोल्यांना कुलपं लागली आहेत. पोस्टमनने कुणाला विचारावं असं तिथे कुणी राहिलं नाही. चष्मा शहरात बँकेत लागला. तोफ मोबाइलच्या दुकानात आहे. गिऱ्हाईक तिच्या आवाजाला घाबरून लवकर खरेदी करतं म्हणे.

यादीची एक प्रत मिस्त्रींच्या पिशवीत आहे, तिच्यावर तिकडच्या कारखान्याचं नाव आहे. मुलगी दर रविवारी म्हणते, "बाबा, बसा, मी लिहून देते पत्र. पाच मिनिटांचं काम."

"लिहू," ते म्हणतात आणि नातवाला काहीतरी विचारतात. पत्र गेलं आणि तरीही काही आलं नाही तर काय, हे त्यांनी तिला सांगितलेलं नाही.

वर्ष होऊन वर दोन महिने झाले. नवा पत्ता त्या बाईला अजून कळवलेला नाही.