टाळ गिळणारा फोन

अकराच्या सुमाराला सुकदेवने खात्यातूनच बहिणीला फोन लावला, तर तिकडून पार्वतीअक्का म्हणाली, "तू कोठे शे रे भो? आज माग बंद शेतस का?"

"बंद कसाले? चाळीसच्या चाळीस चालू शेतस!"

"चल, खोटं नको बोलू. तुना आवाज तं आसा यी राहिना, जसा तू ओट्यावर बठेल शे."

सुकदेव ओट्यावर नव्हता, गुजराती मुलखातल्या गोडादऱ्यात, लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात उभा होता. पत्र्याची लांबलचक शेड, दोन्ही अंगांना माग आणि मधून एक माणूस जाईल एवढीच वाट. तिथे शेजारच्याला काही सांगायचं तर कानाला तोंड लावावं लागे, नाहीतर हाताच्या खुणा कराव्या लागत. तीस वर्षांत सुकदेवने बिडी, पाणी, मुकादम, सुट्टी या सगळ्यांच्या खुणा तयार केल्या होत्या. बहिणीशी फोनवर बोलायची खूण मात्र काही सापडली नव्हती.

अडचण वेळेची होती. अक्का पारोळ्याकडच्या गावी एकटी राही, नजर अधू झालेली. तिच्या डोळ्यांत औषध घालायला शेजारची कविता यायची ती अकरालाच, आणि आलेला फोन उचलून हातात द्यायची तीही तेव्हाच. त्या वेळी सुकदेव मागावर. बाहेर जावं तर चार मागांचे धागे तुटून बसायचे. म्हणून दोघं रोज पाच मिनिटं एकमेकांवर ओरडत आणि "बरं शे ना? बरं शे!" एवढ्यावर समाधान मानून फोन ठेवत. सुकदेव सहा वर्षांचा असताना आई गेली. त्यानंतर अक्कानेच त्याला न्हाऊमाखू घातलं, आणि हाताला धरून भजनाला नेऊन टाळही तिनेच त्याच्या हातात दिला. तिच्याशी धड एक वाक्य बोलता येऊ नये, हा सल त्याच्या मनात होता.

आणि आज अक्काला सगळं ऐकू आलं! तिचं बोलणं ऐकायला सुकदेवला दुसऱ्या कानात बोट खुपसावं लागत होतं, ते सोडा. त्याचं बोलणं तिकडे पोचलं. अक्का हसली, तिने भाजी कोणती ते विचारलं, मेथी म्हटल्यावर मेथीत लसूण जास्त घालायला सांग बायकोला, उषाला, असंही बजावलं. फोन ठेवला तेव्हा सुकदेवच्या डोळ्यांत पाणी होतं. समोरच्या मागावरून हेमराजने हातानेच विचारलं, काय झालं? सुकदेवने फोन कपाळाला लावून दाखवला.

फोन त्याचा नव्हता. त्याच्या लेकीकडे, हर्षदाकडे आला होता.

हर्षदा सकाळी एका क्लासमध्ये पोरांना हिशोब शिकवायची आणि संध्याकाळी घरातल्या पलंगाच्या कडेला बसून मोबाईलचे व्हिडिओ करायची. कोणता फोन घ्यावा, कोणता घेऊ नये, कुठल्या फोनवर गेम खेळताना हात भाजतो, सिनेमा बघताना कुठल्याची बॅटरी इंटरव्हलआधीच मान टाकते, असलं सगळं. बोलायची मराठीत, मधेच अहिराणी, मधेच गुजराती. लिंबायतपासून धुळ्यापर्यंतची वीस-एकवीस हजार माणसं तिचं ऐकत. सुकदेवला त्यातलं निम्मं कळत नसे, पण बोलण्याची ढब मात्र पुरती कळे. पोरगी आधी विषय मांडायची, मग शंका घ्यायची, मग स्वतःच ती फोडायची, आणि लोक कंटाळतात असं वाटलं की एखादा दृष्टांत टाकायची. लहानपणी दर एकादशीला बापाच्या मांडीवर बसून कीर्तन ऐकलेली पोर ती, दुसरं कसं बोलणार?

हा फोन एका नव्या कंपनीने पाठवला होता. सोबत पत्र होतं: आमचा फोन गोंगाटातून तुमचा आवाज वेगळा काढतो, वापरून पाहा, व्हिडिओ करा, आणि फोन तुमच्याकडेच ठेवा. हर्षदाने गेम खेळून पाहिला, फोटो काढले, मग फोन बापाच्या हातात दिला. "आप्पा, आठ दिवस तुम्ही वापरा. खात्यात न्या, मंदिरात न्या. माझे बघणारे तुमच्यासारखेच आहेत. जे दिसेल ते मला सांगायचं, हातचं राखून नाही."

चार दिवस तर सुकदेव हवेतच होता. अक्काशी रोज अर्धा तास बोलणं होई. गावात कुणाची म्हैस व्यायली इथपासून कुणाची सोयरीक मोडली इथपर्यंत सगळं त्याला कळलं. "आपला फोन" असं तो केव्हा म्हणायला लागला, त्याचं त्यालाही समजलं नाही.

पाचव्या दिवशी एकादशी आली. मंदिराच्या सभामंडपात श्रीरंग महाराजांचं कीर्तन होतं. महाराज मूळचे चोपड्याकडचे, गळा असा की मागच्या भिंतीला टेकलेला माणूसही सरसावून बसावा. सुकदेवने फोन पुढच्या खांबाला रुमालाने बांधला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि टाळ घेऊन रांगेत उभा राहिला. अक्काला कीर्तन पाठवायचं होतं. त्या संध्याकाळी पखवाज असा घुमला, टाळ असे एकवटले, की गजराच्या वेळी बायकांच्या रांगेत उषाबाईंनीही पदर खोचून फुगडी धरली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खात्याबाहेरच्या चहाच्या लारीवर, त्या हातगाडीपाशी, सुकदेवने मोठ्या हौसेने ते रेकॉर्डिंग लावलं. हेमराज शेजारीच होता.

महाराजांचा आवाज आला, स्वच्छ, अगदी कानाशी बसल्यासारखा. पण नुसता आवाजच. खाली पखवाज नाही, टाळ नाहीत. महाराज चरण म्हणून थांबत, मागचे टाळकरी तो उचलून घेत, आणि नेमक्या त्याच जागी फोनमध्ये चिडीचूप. मग पुन्हा महाराज एकटेच. गजर आला तेव्हा तर रिकाम्या घरात कुणी स्वतःशीच ओरडावं तसं वाटलं.

हेमराज कप हातात तसाच धरून म्हणाला, "काय रे सुकदेव, काल महाराज एकलाच व्हता का? मंग आपण कोठे मरेल व्हतूत?"

लारीवाला हसला. सुकदेव मात्र हसला नाही, त्याला सगळं लख्ख समजलं होतं. ज्या यंत्राने चाळीस माग गिळले, त्यानेच वीस टाळ आणि पखवाजही गिळला होता. यंत्राच्या लेखी दोन्ही खटखटच.

"हेमराज, मनी आंडेरले, हर्षदाले, सांगू नको हां," तो हळूच म्हणाला.

"का बरं?"

"का म्हणजे? ती बोली टाकीन समदं. मंग फोन राहीन का घरमां?"

हेमराजने त्याच्याकडे पाहिलं, चहा संपवला आणि एवढंच म्हणाला, "तुनी मर्जी, भो."

त्या दिवशी ताटावर बसल्यावर हर्षदाने विचारलंच. "आप्पा, कीर्तन रेकॉर्ड केलंत ना? कसं आलंय?"

सुकदेवने घास तोंडात कोंबला. "झकास."

"टाळ-पखवाज?"

"समदं झकास."

उषाबाईंनी भाकरी वाढता वाढता नवऱ्याकडे नजर टाकली. इतक्या वर्षांच्या संसारात कीर्तनाबद्दल विचारल्यावर हा माणूस दोन शब्दांत उरकतोय, असं कधी झालं नव्हतं. एरवी अर्धा तास हात हलवून सांगायचा, ताटातलं वरण गार व्हायचं. सुकदेवला मेथी त्या दिवशी कडू लागली.

शनिवारी संध्याकाळी हर्षदा व्हिडिओ करायला बसली. नेहमीप्रमाणे पलंग भिंतीकडे सरकवला, खिडकीला चादर लावली, शिलाई मशीनवर डबा आणि डब्यावर आपला जुना फोन ठेवला. सुकदेव दारात उकिडवा बसला. लेक बोलत असताना असं बसायची त्याची रीतच होती.

"आजचा विषय," हर्षदाने सुरुवात केली, "गोंगाट. कंपनी म्हणते, आमचा फोन गोंगाट काढतो. आता शंका अशी की गोंगाट म्हणजे काय, हे ठरवायचं कोणी?"

सुकदेव सावरून बसला. पोरीने नेमक्या जागी बोट ठेवलं होतं, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.

तिने खात्यातली गंमत सांगितली, आत्याचं "माग बंद शेतस का" सांगितलं. मग म्हणाली, "तुमच्यातले कितीतरी जण मला विचारतात, ताई, आमच्या भजनी मंडळाला फोन घ्यायचाय, कीर्तन गावाला लाइव्ह दाखवायचंय. तर ऐका. माझ्या आप्पांनी एकादशीचं कीर्तन या फोनवर घेतलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं टाळ वाजवणारे कान आहेत ते. मी स्वतः ऐकून बघायची गरजच नाही. आप्पा झकास म्हणाले म्हणजे—"

"थांब."

हर्षदाने वळून पाहिलं. बाप दाराची चौकट धरून उभा राहिला होता.

"बंद कर ते. नही झकास. टाळ नहीत त्याच्यात. पखवाज नही. काही नही."

तिने रेकॉर्डिंग लावलं. पहिलं मिनिटभर तिला कळेना. मग गजर आला, महाराज एकटेच त्या शांततेत जयजयकार करू लागले, आणि हर्षदा हसत सुटली. उषाबाई चुलीपासून उठून आल्या, त्याही तोंडाला पदर लावून हसल्या. "आणि मनी फुगडी? तीबी गिळी टाकी का?"

हसू ओसरल्यावर मात्र हर्षदाने फोन पुन्हा उचलला. सेटिंगमध्ये शिरून तिने ती आवाज-सफाई बंद करून पाहिली. फोनवर बोलताना ती बंद करता येत होती, रेकॉर्डिंगला नाही. फोन खाली ठेवून तिने विचारलं, "तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसपासून."

"मग? धरणगावचं एखादं मंडळ माझं ऐकून वर्गणीतून हा फोन घेतं, सप्त्यात खांबाला बांधतं, आणि गावाला काय ऐकू जातं? आप्पा, तुम्ही?"

सुकदेवला मान वर करवेना. "अक्का," एवढंच तो म्हणाला. "पहिल्यांदा तिले समदं ऐकू येत व्हतं."

कुकरची शिट्टी झाली तरी उषाबाई जागच्या हलल्या नाहीत.

सुकदेव चाचरत म्हणाला, "तू खरं ते सांग. समदं सांग. पण कंपनीच म्हणतेय ना, ठेवा म्हणून? खरं सांगीसनबी ठेवता यीन."

हर्षदा त्याच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली. "आप्पा, मी सात-आठ वर्षांची असेन. कीर्तन झाल्यावर तुम्ही मला दुधाचा पेला देऊन महाराजांकडे पाठवलं होतं. त्यांनी काय केलं?"

सुकदेवला आठवलं. महाराजांनी पेला कपाळाला लावला, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दूध तिलाच पाजलं. स्वतः आपल्या तांब्यातलं पाणी प्यायले. जिथे कीर्तन करायचं तिथलं काही घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. ही गोष्ट सुकदेवनेच खात्यात शंभर जणांना अभिमानाने सांगितली होती.

"समजलं," तो म्हणाला. मग लेकीकडे बघून, "पण तू तं बापलेच कीर्तन सांगाले लागनी व्हय!"

"मग बसा इकडे. अर्धं तुम्हीच सांगा."

आणि त्या व्हिडिओत पहिल्यांदा दोघं दिसले. सुकदेवने दोन्ही गोष्टी सांगितल्या: मागांमध्ये उभं राहून बहिणीशी बोललो त्याचा आनंद, आणि टाळ कसे नाहीसे झाले ते. खोटं बोललो होतो हेही त्याने सांगून टाकलं. ते कापू का, असं हर्षदाने विचारलं, तर म्हणाला, "राहू दे." तिने शेवट केला तो असा: कारखान्यात कामाला असाल, घरच्यांशी बोलायचं असेल, तर हा फोन सोन्यासारखा. मंडळासाठी घेणार असाल, तर हात लावू नका.

कंपनीच्या बाईंचा फोन आला. रागावल्या नाहीत, फोन ठेवा असंही पुन्हा म्हणाल्या. पण पुढच्या फोनचं नाव काढलं नाही. हर्षदाने त्यांच्याकडून परतीचा पत्ता तेवढा मागून घेतला.

पाठवायच्या दिवशी अकराला सुकदेवने अक्काला सगळं सांगितलं. फोन जाणार, उद्यापासून पुन्हा ओरडाओरड.

अक्का म्हणाली, "कोनी बोलनं तुले, अकरालेच बोल म्हणून? मी कविताले सांगस, रविवारी सांजले ये. तुले सुट्टी, माले बी काम नही. दोन तास बोलू."

इतकी साधी गोष्ट इतक्या वर्षांत दोघांपैकी एकालाही सुचली नव्हती. सुकदेव मागांच्या मधल्या वाटेत उभा राहून इतका हसला की मुकादम बघायला आला.

संध्याकाळी बापलेक कुरियरच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या भाईने खोकं उलटंपालटं करून पाहिलं. "काका, फोन बगडी गयो छे?"

"ना रे भाई. सरस छे."

"तो पाछो केम मोकलो छो?"

परत का पाठवतो, ते सांगायला सुकदेवने लेकीकडे बोट दाखवलं. "या पोरीला पुढेही खरं बोलायचंय," तो म्हणाला. "लोक ऐकतात तिचं. फोनबद्दल सांगते ती."

भाईने खोकं वजनकाट्यावर ठेवलं आणि स्वतःचा तडा गेलेला मोबाईल खिशातून काढला. "एम? तो बेन, मारे पण नवो लेवो छे. कयो लऊं?"

"आधी सांगा, कशासाठी हवाय?" हर्षदाने विचारलं. "गाडीवर बोलायला, का सिनेमा बघायला?"

"गाडीवर. आखो दिवस."

"मग शंका अशी..." हर्षदा काउंटरला कोपर टेकून बोलू लागली. मागे पावती फाडायला थांबलेली दोन माणसं पुढे सरकली. सुकदेवने इकडेतिकडे पाहिलं, पार्सलच्या गोणीवर मांडी घातली, आणि ऐकायला बसला.