अभ्र्याच्या कडेएवढा श्वास

"धरा," म्हणून तिने शिलाई मशीन चालू केलं. नवरा पलंगावर पालथा पडला होता, गाल चादरीला टेकवून. उशीच्या अभ्र्याची लांब कड शिवून संपली, तिने दोरा कापला, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला. ना खोकला, ना ठसका. उद्या डॉक्टरांपुढे हेच करायचं, असं तिने बजावलं आणि तो हसला.

ती लोकांचे कपडे आल्टर करून द्यायची. तो खिडक्यांना काचा बसवायचा, अंगात ताकद होती तोवर. रोजच्या एका गोळीने त्याच्या फुप्फुसातला कॅन्सर दोन वर्षं दबून राहिला होता. आता ती गोळी लागू पडेना. कॅन्सरने रूप बदललंय, कसं ते कळलं तर कदाचित दुसरी गोळी देता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. रक्त तपासून काही हाती लागलं नाही. उरलं ते सुईने गाठीचा नवा तुकडा काढून तपासणं. पण गाठ रक्तवाहिनीला खेटून होती. पालथं पडून, सांगितल्याबरोबर श्वास धरता आला तरच सुई घालायची; मध्येच खोकला तर जिवावर बेतायचं. पहिल्या वेळी सुईनंतर फुप्फुस मिटलं होतं आणि बरगड्यांमधून नळी घालावी लागली होती.

मग तिने कंबर कसली. आधी त्याला अर्धी कडही झेपेना. गिऱ्हाइकांच्या पँटी तशाच पडून राहिल्या आणि घरात उशा कमी, अभ्रे जास्त झाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलावर पालथं झोपवलं आणि श्वास धरायला सांगितलं. तो खोकला. त्यांनी पाणी दिलं, थोडं थांबल्या, पुन्हा सांगितलं. तो पुन्हा खोकला. तिसऱ्यांदाही तेच झालं. ही जोखीम आपण घेणार नाही, सलाईनमधून केमो सुरू करू, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

ती मात्र भिंतीशी उभी राहून सगळं पाहत होती. त्याचा खोकला तिला पाठ होता. आधी त्याचे खांदे वर जायचे, मग आवाज यायचा. आज खांदे हललेच नव्हते. शब्द अगदी ओठांवर आले होते, पण परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं पाडणं तिला जमलं नाही.

"तुम्ही मुद्दाम खोकलात," जिन्यापाशी आल्यावर ती म्हणाली.

त्याने नाकारलं नाही. "मला त्या टेबलावर पुन्हा जायचं नाही. मागच्या वेळी तू बाहेर होतीस. आत मी होतो."

"मग तसं सांगायचं मला."

"तू रडली असतीस."

"रडले असते. भांडलेही असते. आणि मग तुमच्याबरोबर केमोला आले असते. पण तुम्ही मला रोज मशीनवर बसवून खेळवलंत."

"तुला बरं वाटत होतं गं," तो म्हणाला. "किती दिवसांनी हसत होतीस."

हे तिला सगळ्यात जास्त लागलं. त्या हसण्यावर ती जगत होती आणि त्याला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिला असं कधी फसवलं नव्हतं. तरी पायऱ्या उतरताना तिने त्याचा हात धरला, कारण त्याला धाप लागत होती.

घरी आल्यावर तिने सगळे अभ्रे घडी घालून कपाटाच्या तळाशी ठेवले. मग एका गिऱ्हाइकाची पँट घेतली आणि कंबर उसवायला बसली. आतल्या खोलीतून खोकला आला. सवयीने तिचा हात पाण्याच्या तांब्याकडे गेला आणि वाटेतच थांबला. हा खोकला ऐकून ती आजवर कधी थांबली नव्हती.

तिने पेला भरला आणि आत गेली. दारात उभी राहून तिने आधी त्याच्या खांद्यांकडे पाहिलं, मग पाणी पुढे केलं.