डाव्या हाताचा जोड

ताईचा हात कॉफीच्या कपावर थरथरत होता आणि मी खिडकीबाहेरचा बर्फ बघण्याचं सोंग करत होते. खाली कारखान्यात माणसं जमू लागली होती.

जो वेल्डिंग मशीन विकतो, त्याला त्यावर जोड मारता आलाच पाहिजे, असा आमच्या बाबांचा हट्ट. म्हणून क्लीव्हलंडच्या या कारखान्यात दरवर्षी कारागिरांच्या संताच्या, सेंट जोसेफच्या, दिवशी मालकानं बाबांच्या पहिल्या मशीनवर, सगळ्यांसमोर दोन पट्ट्या जोडायच्या. मग त्या प्रेसखाली वाकवायच्या. तडा गेला नाही, तर पोटित्सा, आमचा अक्रोडाचा गोड पाव, कापायची आणि नालासारखी वाकलेली पट्टी वर्ष घालून भिंतीवर टांगायची. बाबांनंतर हे अल्बिनाताईच करत आली.

यंदा आमच्या धाकट्या भावानं, रूडीनं, कारखान्यासाठी शिकागोचं गिऱ्हाईक आणलं होतं. ते आमचं नुसतं नाव वापरणार आणि कारखान्याला टाळं लावणार. ताई भडकली. "माझा जोड तुटेल त्या दिवशी विक्रीवर सही करीन," म्हणाली. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यानंतर तिच्या हाताला हे दुखणं लागलं. रूडीला अजून पत्ता नव्हता. मला होता, आणि भीतीनं माझा जीव टांगणीला लागला होता.

"ताई, मी मारते. हेल्मेट आणि चामडी कोट घातला की कोण ओळखणार?"

"बाबांच्या घरात लबाडी? लाज वाटत नाही, विडा?"

"बाबांच्याच घरात झालीय. चल, दाखवते."

मी तिला खाली भिंतीपाशी नेलं. बाबांच्या पट्ट्यांवर जोडाच्या लहरी डावीकडून उजवीकडे गेल्या होत्या. शेवटच्या तीन पट्ट्यांवर मात्र उलट्या. बाबा उजवे. घरात डावऱ्या दोघीच, आई आणि मी. त्या वर्षांत बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता.

"आई रॉड धरायची, आणि नाव बाबांचं," ताई पुटपुटली.

"आणि कारखाना चालला! ऐक माझं. ते हातातलं हेल्मेट दे."

तिनं दिलं नाही. ते काखेत मारून ती सरळ मशीनपाशी गेली. गिऱ्हाईक कोट सावरून उभं होतं.

रूडी हसला, "काय ताई, यंदा दम आहे ना?"

ताईनं दोन्ही हात वर केले. बोटं थरथरताना सगळ्यांना दिसली. "हे बघा. मला आता जमत नाही. जोड मालकानंच मारायचा, म्हणून आजपासून मालकीण मी नाही, विडा." आणि तिनं हेल्मेट माझ्या छातीवर आदळलं. "हिचा जोड तुटला, तर सही ही करेल."

रूडीचं हसू पार मावळलं. लपून करायला मी तयार होते. सगळ्यांदेखत, इतक्या माणसांचं पोट पणाला लावून, हे कधी मनात आलं नव्हतं. मी हेल्मेट चढवलं. पहिल्यांदा रॉड पट्टीलाच चिकटला. कुणीतरी श्वास ओढला. मी तो उपटला, डाव्या हातात नीट धरला, आणि उजवीकडून डावीकडे निघाले.

पट्टी प्रेसखाली गेली. ती वाकताना मी डोळे मिटून घेतले.

"तडा नाही," रूडीचाच आवाज आला. तो जोडावरून बोट फिरवत होता. "आई गं."

माणसं ओरडली, टोप्या उडाल्या. पोटित्साची सुरी ताईनं माझ्या हातात दिली, पण मला आधी रडून घ्यायचं होतं.

"रड नंतर," ताई म्हणाली. "आधी त्या तीन पट्ट्या उतरव. त्यांच्यावर आईचं नाव घालायचंय."