वाकडा तास

बाभळीच्या बुंध्याला बांधलेली दोरी धोंडीबाने ताणून धरली आणि रेषेबाहेर गेलेली खुंटी उपटली. दोरीला टेकवून ती पुन्हा ठोकली. मग पुढची. औंधच्या डोंगरावर यमाईच्या देवळाला ऊन लागलं तोवर माळावरच्या साऱ्या खुंट्या एका ओळीत उभ्या होत्या. त्याने एक डोळा मिटून पाहिलं. पहिलीच्या आड बाकीच्या सगळ्या लपल्या. मग तो समाधानाने तंबाखू मळायला बसला.

खुंट्या मूळच्या जालिंदरने ठोकलेल्या. जालिंदर म्हणजे बंडिंग खात्यातला नवा पोरगा, पलूसकडचा. आल्यापासून धोंडीबाच्याच सोप्यात राहत होता आणि बायडाबाईच्या हातचं जेवत होता. या उतारावरची माती दरसाल ओढ्याला जायची. रानात जागोजाग मुरूम उघडा पडला होता. आता सरकार ताली, म्हणजे उताराला आडवे मातीचे बांध, घालून देणार होतं, खर्चाचा मोठा वाटा उचलणार होतं. तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघून बघून जालिंदरने आखणी केली, आणि ती अशी वळत गेली की शेजारचा नाथाजी काल पारावर म्हणाला,

"धोंडीबा, तुझ्या साहेबानं ताल आखलीया, का धामण गेली रं तिथनं?"

सारा पार हसला होता. धोंडीबाला ते झोंबलं. नांगराने मारलेल्या त्याच्या तासाची सरळ रेघ पंचक्रोशीला माहीत होती. बायडाबाईचे वडील स्थळ बघायला आले तेव्हा घरात न शिरता आधी रानात गेले होते. तासाच्या टोकाला वाकून त्यांनी एक डोळा मिटला आणि तिथल्या तिथे म्हणाले, "पोरगी दिली." अशा घरात राहणाऱ्या पोराची आखणी वाकडी? त्यात आज दुपारी साताऱ्याहून मोठे साहेब जीप घेऊन तपासायला येणार होते. पोराची फजिती व्हायला नको.

बायडाबाई न्याहारी घेऊन आली. तिच्यामागून दुर्बिणीची पेटी खांद्यावर घेऊन जालिंदर येत होता. बांधावर पाय ठेवताच तो थबकला.

"मामा, हे कुणी केलं?"

"मी. म्हटलं, पोराचा हात अजून बसला न्हाई."

जालिंदरचा आवाज चढला नाही, पण कान लाल झाले. पेटी त्याने अगदी सावकाश खाली ठेवली.

"साहेब दुर्बीण लावून बघणार. हे असं दिसलं तर मंजुरी दुसऱ्या गावाला जाईल. माझी नोकरीही अजून कायम झालेली नाही."

"सरळ रेघ बघून?"

"पाण्याला सरळ कळत नाही, मामा. ताल एका पातळीत पाहिजे. नाहीतर पाणी सखल टोकाला गोळा होतं आणि तिथनं ताल फोडून जातं."

 धोंडीबाच्या तळहातावरची तंबाखू तशीच होती. बायडाबाईने भाकरीचं फडकं सोडलं.

"आवं, पंगतीत आमटी वाढाया आली की तुमी पत्रावळीवर भाताचं आळं करता. ते दोरी लावून करता व्हय?"

"दोरी कशाला? आमटी जिकडं पळंल तिकडं भात लावायचा."

"मग!"

 धोंडीबाने तंबाखू तोंडात न टाकताच हात झाडले.

"तिपाय मांड रं," तो म्हणाला.

खुंट्या पुन्हा उपटल्या. बायडाबाई आकड्यांची पट्टी धरून उभी राहायची, जालिंदर दुर्बिणीतून बघून हाताने खूण करायचा आणि धोंडीबा खुंटी ठोकायचा. मधेच त्याला राहवलं नाही. त्यानेही डोळा लावला आणि दचकून मागे सरला.

"आरं, ही खाली डोकं वर पाय!"

"दुर्बिणीत उलटंच दिसतं, मामा."

"मी हाय तशीच हाय," बायडाबाई तिकडून ओरडली. "बघणाराच उलटा हाय, त्याला काय करायचं?"

पातळी कुंपणापाशी थांबत नव्हती; शेवटची खुंटी नाथाजीच्या रानात पार पलीकडे गेली. ऊन तापलं होतं. जालिंदरने घाम पुसला.

"या खुंट्यांवरनं नांगराचा एक तास मारून ठेवू, मामा. म्हणजे पुन्हा कुणी…" 

"नाथाजीला सांग. त्याचा तास जन्माचाच वाकडा."

"त्यांचा त्यांच्या मनानं वाकडा जातो. मला खुंटीखुंटीवरनं नेलेला पाहिजे. तसा हात तुमचाच."

 बायडाबाई बैल आणायला निघाली तेव्हा धोंडीबाने तिला थांबवलं नाही.

नांगर मातीत शिरला. दर वळणाला त्याचा हात आपसूक सरळ जायला ओढ घेई, आणि दर वळणाला तो रुमण्याची मूठ दाबून हाताला खुंटीकडे वळवी. बैलही गोंधळले होते. त्यांना आजवर असं कुणी चालवलं नव्हतं. नाथाजी आपल्या रानाच्या कडेला येऊन उभा राहिला.

"आरं धोंडीबा, दिसाढवळ्याच घेतलीस का काय?"

धोंडीबाने मान वर केली नाही. नाथाजीच्या कुंपणापाशी येऊन त्याने बैल थांबवले. तास संपला की मागे वळून एक डोळा मिटायची त्याची सवय. आज तो पुढेच बघत राहिला.

बायडाबाई मागच्या टोकाला गेली. वाकली. एक डोळा मिटून तिने तासावरून नजर टाकली. तास बाभळीला वळसा घालून दिसेनासा झाला होता.

ती चालत त्याच्याजवळ आली.

"तुझ्या आबांनी दिली असती का गं?" त्याने हळूच विचारलं.

"आबांचं ऱ्हावू द्या. आता बघणारी मी हाय न्हवं?" तिने पदराने त्याच्या कपाळावरची माती पुसली.

लांब रस्त्यावर जीपची धूळ उठली. समोर कुंपणाच्या काट्या होत्या आणि खुंट्या त्यांच्यापलीकडे जात होत्या. दुसऱ्याच्या रानात नांगर घालायचा म्हणजे या गावात डोकी फुटायची. धोंडीबा कासरा धरून उभा राहिला.

नाथाजीने धुळीकडे पाहिलं, जालिंदरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग वाकून त्याने काट्या ओढून बाजूला केल्या.

"घाल की आत," तो म्हणाला. "पर माझ्यात सरळ काढलास, तर गाठ माझ्याशी हाय."