घरच्यांच्या मते

कॅनडातल्या रग्बीछाप व्यावसायिक फुटबॉलच्या ऑनलाइन रेटिंगमध्ये नऊ संघांत विहानचा संघ सातवा लावला होता, आणि शिरीष सकाळपासून पेटला होता. प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, जाणार सहा. म्हणजे आपलं पोरगं ऐन दाराशी उभं, आणि आत शिरायची शक्यता म्हणे एकोणतीस टक्के! निम्मा सीझन अजून खेळायचाय. भात शिजायच्या आधीच करपला म्हणून बोंबलायचं, याला हे लोक रेटिंग म्हणतात!

आकड्यांचंही एक वेळ सोडा. खाली कारण दिलं होतं: 'किकर भरवशाचा नाही. घरच्यांच्या मतेही तो दडपणाखाली डगमगतो.'

किकर म्हणजे खांबांच्या मधून चेंडू मारणारा, आणि इथे तो विहान, शिरीषचा एकुलता एक. आणि स्टुटगार्टच्या या घरात घरचे म्हणून माणसं दोनच.

"तू कुणाला काही बोललीस?" त्यानं बायकोला विचारलं.

"अहो, मी कशाला बोलू? मला अजून तो खेळ कळत नाही, नुसते खांब कळतात." अरुंधतीनं मोदकाची पाकळी चिमटली. "पण त्याचा कोच ते वाचतो. शनिवारी दुसऱ्या मुलाला उतरवणार असं चाललंय. काल विहान फोनवर सांगत होता बिचारा."

शिरीषच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरानं इथल्या क्लबात पाय झिजवून परक्या मुलखात जागा मिळवली, ती काय एका ओळीपायी घालवायची? आणि ती ओळ लिहिणारा दीडशहाणा आज याच घरी गणपतीच्या जेवणाला येणार होता. प्रणव मूळचा पुण्याचा, कार्ल्सरूहेला पीएचडी करायचा आणि फावल्या वेळात या लीगची रेटिंग्ज काढायचा. तिकडची मंडळी ती डोक्यावर घेत.

प्रणव आला, गणपतीला नमस्कार करून पानावर बसला. शिरीषनं त्याला मोदक वाढला, वर तुपाची धार सोडली आणि मगच तोफ डागली. पाहुण्याला उपाशी ठेवून भांडण्याइतका काही तो सुटलेला नव्हता.

"कोण रे हे घरचे? नाव सांग!"

प्रणवचा घास हातातच राहिला. "काका, तुम्हीच की! गेल्या गणपतीत इथेच जेवताना पद्माकरकाका विहानचं कौतुक करत होते, तेव्हा म्हणालात ना, 'कसलं काय, ऐन वेळी पाय लटपटतात आमच्या चिरंजीवांचे.'"

"अरे, ते म्हणायचं असतं! चारचौघांत आपल्याच पोराचं कौतुक कोण करतं? तुझे वडील काय म्हणतात तुझ्याबद्दल?"

"गाढव आहे म्हणतात."

"मग छापतोस का कुठे, 'घरच्यांच्या मते गाढव'? आता हे लिही. माझा मुलगा वाऱ्यातसुद्धा खांबांच्या मधोमध चेंडू मारतो."

"आल्झो... म्हणजे, काका, वडिलांनी केलेली स्तुती कशी धरणार? बायस होतो ना."

"वा रे वा! निंदा केली तर पुरावा, आणि स्तुती केली की बायस? काढ ती ओळ. आत्ताच्या आत्ता!"

प्रणवनं खरकट्या हाताला लागणार नाही असा फोन धरून डाव्या अंगठ्यानं ओळ पुसली. शिरीषला कोण आनंद झाला. त्यानं तिथूनच विहानला फोन लावला. तिकडे नुकतंच उजाडत होतं.

"गेली रे ती ओळ! या शहाण्यानं माझं बोलणं खरं धरलं होतं."

"तू म्हणाला होतास ते?" विहाननं जर्मनमध्ये विचारलं.

"अरे, बोलायची पद्धत असते आपली. मनात तसं काही नसतं. सगळ्यांना माहीत असतं."

"मला नव्हतं माहीत."

अरुंधतीचा वाढता हात थांबला. विहान सावकाश बोलत होता. "पाहुणे आले की तू हेच म्हणायचास. मी आतल्या खोलीतून ऐकायचो. अजूनही चेंडू मारायला धावण्याआधी मला तेच ऐकू येतं."

शिरीषनं प्रणवकडे पाहिलं. आता याच्यावर तरी काय ओरडणार!

"त्याला सांग, ओळ परत टाक," विहान म्हणाला. "खरी आहे ती, बाबा."