दाराचं अस्तर

माझे बाबा श्रीमंतांच्या छोट्या विमानांतल्या खुर्च्या, सोफे आणि भिंतींची अस्तरं शिवतात. मी तसल्याच विमानांत दार लावते, कॉफी देते आणि पोट धरून बसलेल्यांपुढे कागदी पिशवी धरते. आम्ही बापलेकींनी आकाश असं आतल्या बाजूने वाटून घेतलंय.

त्या दुपारी मी हँगरमध्ये गेले ती नव्या विमानाची केबिन ताब्यात घ्यायला. बाबांचं हे शेवटचं काम होतं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये त्यांना निरोप द्यायचा कार्यक्रम होता, आणि त्यासाठीचा शर्ट त्यांनी आईला दोनदा घालून दाखवला होता.

केबिन बघून मी हरखले. सायीच्या रंगाचं लेदर, सरळसोट टीप, सोफ्याच्या कोपऱ्यात शोधूनही सुरकुती सापडेना. बाबा मागे हात बांधून कौतुक ऐकायला टपलेले.

मग मी दाराकडे वळले आणि थबकले.

या विमानाचं दार खाली उघडतं आणि त्याचीच शिडी होते. आत येऊन ते वर ओढायचं, हँडल फिरवायचं, की त्याच्या कड्या चौकटीत शिरतात आणि पायलटसमोरचा लाल दिवा विझतो. पण नुसत्या दिव्यावर विसंबायचं नाही. दाराला आतून बोटाएवढ्या चार काचा असतात. वाकून प्रत्येकीतून बघायचं, हिरवी खूण जुळलेली दिसली की मगच पायलटला सांगायचं, दार लागलं. इथे चारही काचा गायब होत्या. त्यांच्यावरून लेदर ताणून बसवलं होतं.

"बाबा, इथली भोकं?"

"झाकली!" ते ऐटीत म्हणाले. "चांगल्या चेहऱ्यावर देवीचे व्रण असावेत तशी दिसायची."

"कापावी लागतील."

"काय?" त्यांचे कान लाल झाले. "अगं, मला इथे उस्ताद म्हणतात. शाळेत असताना तुझे फ्रॉक कोणी शिवले? आता तू मला शिकवणार?"

"कामाच्या नकाशात दाखवली असतील ना ती?"

"नकाशात शंभर भोकं असतात. निम्मी नुसती स्क्रूंची!"

हट्टीपणात मीही त्यांचीच मुलगी. बोलण्यात वेळ न घालवता त्यांना दंडाला धरून पुढच्या खुर्चीत बसवलं, दार वर ओढलं आणि हँडल फिरवलं. हँगरमधली ठोकाठोक एकदम दबली. बाबा दचकले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला: तीस वर्षं हा माणूस उघड्या दारातच काम करत आला होता. दार लावलेल्या विमानात ते कधी बसलेच नव्हते.

"आता सांगा, दार लागलं?"

"लागलं की. तू हँडल फिरवलंस ना."

"एखादी कडी अर्धवट राहिली असेल तर?"

"दिवा सांगेल."

"आणि दिवाच बिघडला असेल तर? वर गेल्यावर आतली हवा या दाराला बाहेर ढकलत असते, बाबा. आणि मी इथे, याला पाठ लावून बसते."

बाबा उठले. एप्रनच्या खिशातून सुरी काढून त्यांनी स्वतःच्या हाताने चार गोल कापले. चारही काचांतून हिरव्या खुणा बघितल्या, आणि मग तिथेच खाली बसले.

"गेल्या वर्षी त्या निळ्या पट्ट्यांच्या विमानालाही मी असंच केलंय. तिथे कोणी विचारलंच नाही."

ते विमान आठवड्यातून तीनदा उडतं. तरी मी जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हणाले, "उद्याचा कार्यक्रम होऊन जाऊ दे. परवा सांगू. एक वर्ष काही झालं नाही, दोन दिवसांत काय होणार?"

बाबांनी सुरी परत खिशात टाकली.

"त्या विमानात तू असतीस तर परवापर्यंत थांबलो असतो का मी?"

ते गुडघ्यावर हात टेकून उठले, हँडल वर-खाली चाचपून बघितलं आणि हात मागे घेतला.

"उघड गं हे. मला मॅनेजरकडे जायचंय, आणि मला हे उघडता येत नाही."

मी उघडलं. ते शिडी उतरून, एप्रनसुद्धा न काढता, तडक ऑफिसकडे चालायला लागले, आणि मी त्यांच्यामागून धावले.